घरातलं माणूस गेलं, मूल मागे राहिलं: सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांतलं काय घ्यावं, काय नको

सावंतवाडीच्या चितारआळीत येणारं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. गोव्याहून परतणारे पर्यटक रंगीत फळांची परडी उचलतात, मुंबईचे चाकरमानी भाचीसाठी भातुकली नेतात, एखादा गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, जोड बघत थांबतो. हे परीक्षण वेगळ्या गिऱ्हाइकासाठी आहे. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय, त्या घरातल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलासाठी काहीतरी न्यावं असं वाटणारी आत्या, मामा, वर्गशिक्षिका किंवा अंगणवाडीताई यांच्यासाठी. अशा वेळी बहुतेक जण चॉकलेटचा पुडा किंवा रिमोटची गाडी नेतात. दोन्हींचा उपयोग फारतर संध्याकाळपर्यंत.

आमचं मत आधीच सांगतो. या कामाला सावंतवाडीची लाकडी खेळणी प्लास्टिकच्या संचांपेक्षा सरस आहेत, मात्र बांधून ठेवलेला संच तसाच घेऊ नये. सुटे नग निवडून एका पेटीत ठेवावेत आणि खेळण्याबरोबर मोठ्यांनी बोलायची चार वाक्यंही तयार ठेवावीत. ती वाक्यं चुकली तर सर्वात चांगली बाहुलीही काही करू शकत नाही.

मुळात खेळणंच का? चार वर्षांचं मूल दहा मिनिटं समोर बसून दुःखाबद्दल बोलू शकत नाही. त्याचं दुःख श्रावणातल्या सरीसारखं असतं. ते विचारतं, "बाबा कधी येतले?" उत्तर ऐकतं, क्षणभर थांबतं आणि अंगणात सायकल फिरवायला पळतं. ओटीवर बसलेली माणसं म्हणतात, "लहान आहे, त्याला काय कळतंय." त्याला कळतंय, पण एका वेळी झेपेल तेवढंच ते आत घेतं आणि उरलेलं खेळात काढतं.

मृत्यू समजणं म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी समजणं, आणि त्या एकदम येत नाहीत. मेलेलं परत येत नाही. मेल्यावर शरीराची सगळी कामं थांबतात, म्हणजे भूक, थंडी, दुखणं काहीच उरत नाही. प्रत्येक जीव कधी ना कधी मरतो. आणि मरणाला शरीरातलं कारण असतं, कुणाच्या रागाने किंवा मनात आलेल्या वाईट विचाराने कुणी मरत नाही. हंगेरीच्या मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांनी ३ ते १० वर्षांच्या मुलांशी बोलून १९४८ मध्ये मांडलं, की पाचाच्या आतल्या मुलाला मरण म्हणजे कुठेतरी जाणं किंवा झोपणं वाटतं, पाच ते नऊमध्ये ते कुणीतरी येऊन माणसाला नेतं असं वाटतं, आणि नवाच्या पुढे ते अटळ आहे हे उमगतं. नंतरच्या अभ्यासांत बरीच मुलं पाच ते सात या वयातच पहिल्या तीन गोष्टी समजतात असं दिसलं. साफ शब्दांत सांगणारं कुणी जवळ असलं तर समज लवकर येते. म्हणून वय बघून खेळणं घ्या, पण वय बघून खरं लपवू नका.

आता खरेदी. सर्वात आधी माणसं घ्या, आठ ते दहा. दुकानात तयार बाहुल्यांत नवरा-नवरीची जोडी पटकन मिळते, पण या कामाला ती फारशी उपयोगाची नाही. मुंडावळ्या बांधलेल्या, हसऱ्या चेहऱ्याच्या बाहुलीचं मूल लग्नच लावतं. हवी ती बुद्धिबळाच्या प्याद्याच्या घाटाची, कातलेली, डोकं आणि अंग एवढंच असलेली बाहुली, शक्यतो चेहरा न रंगवलेली. कातकाम करणाऱ्याला मागणी देऊन विचारा. चेहरा नसला की तीच बाहुली सकाळी हसते आणि दुपारी रडते. उंची तीन मापांत घ्या: मोठी माणसं साधारण १० सेंटिमीटर, मुलं ७, तान्हं बाळ ५. मोठ्यांतली दोन-तीन तरी एकसारखी असू द्या, म्हणजे "हे आजोबा, हे काका" हे मूल स्वतः ठरवेल. बूड रुंद हवं. मातीच्या जमिनीवर बाहुली उभी राहिली नाही, तर चिडून खेळ मोडतो.

दुसरं, खाट. लहान वाटते, पण या पेटीतली ही सर्वात जास्त हाताळली जाणारी वस्तू. आजारपण, हॉस्पिटल, झोप आणि मरण हे सगळं मुलाच्या डोळ्यांसमोर खाटेवरच घडलेलं असतं. मोठी बाहुली तिच्यावर आडवी मावली पाहिजे, म्हणजे लांबी १२ सेंटिमीटरच्या आत नको. भातुकलीतला पलंग बहुधा आखूड निघतो, तेव्हा बाहुली बरोबर नेऊन मोजून घ्या.

तिसरं, एक वाहन. बैलगाडी सुंदर मिळते, चाकं फिरतात. तिचीच रुग्णवाहिका होते, तिरडीही होते आणि मुंबईची एसटीसुद्धा. वेगळी रुग्णवाहिका शोधत फिरू नका. मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलासाठी मात्र होडी हवीच, आणि ती पाण्यावर तरंगणारी असावी. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

भातुकलीचा अख्खा डबा नको. चूल, तवा, एक पातेलं आणि दोन ताटं पुरेत. जेवण वाढण्याच्या खेळात मुलं घरात आता एक ताट कमी लागतं हे मोजत असतात, एवढ्यासाठीच ती हवीत. प्राण्यांत गाय आणि कुत्रा, आणि कावळा मिळाला तर जरूर, कारण दहाव्याला सगळी मोठी माणसं कावळ्याची वाट बघत उभी असलेली मुलाने पाहिलेली असतात.

फळांची परडी घेऊ नका. ती इथली सर्वात देखणी वस्तू, गणपतीवर फळं टांगतात त्या माटवीला शोभून दिसेल अशी. पण लाकडी आंबा कधी सडत नाही. ज्या मुलाला नेमकं हेच समजायचंय की जिवंत गोष्ट संपते, त्याच्या हातात कधी न संपणारं फळ देण्यात अर्थ नाही.

घेताना तपासायच्या गोष्टी थोड्या आहेत. पांढरं सुती फडकं ओलं करून बाहुलीवर जोरात घासा. रंग उतरला तर ती परत ठेवा, कारण लहान मुलं बाहुली तोंडात घालतातच. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड बोटाला मऊ लागतं, मुलाच्या हाताला ओझं होत नाही, पण त्यावर नखाचा आणि दाताचा वण पडतो. आम्हाला तो दोष वाटत नाही. खिळ्याने जोडलेले हातपाय मात्र नकोत, ओढले की खिळा उघडा पडतो. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर तोंडात पूर्ण मावेल असा एकही नग पेटीत नको, घशात अडकू शकतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण सक्तीची झाली आहे. नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना त्यात सूट आहे, त्यामुळे खूण दिसली नाही म्हणून माल वाईट असं समजू नका. रंग कुठला वापरलाय हे तोंडी विचारा, कारागीर सांगतात.

पेटी म्हणून बुटांचा खोका चालेल. तोच उलटा केला की घर होतं.

वापरायची पद्धत. पेटी तेराव्याच्या गर्दीत देऊ नका, पाहुण्यांची मुलं ती वाटून घेतात. घर शांत झालं की द्या. दिवसाची एक वेळ ठरवा, वीस-पंचवीस मिनिटं, फोन बाजूला ठेवून. मोठ्या माणसाने जमिनीवर बसायचं, कारण खुर्चीत बसलेला माणूस परीक्षा घेतोय असं वाटतं. पेटी उघडून एवढंच म्हणा, "ही माणसं आहेत, हे घर आहे, तुला हवं ते खेळ." मग गप्प. मूल जे करेल ते फक्त बोलून दाखवा: "ही बाहुली गाडीत बसली." "हे बाळ एकटंच राहिलं." बाहुलीला नाव मुलानेच द्यायचं. "हे बघ, हे तुझे बाबा" असं मोठ्यांनी म्हटलं की खेळ तिथेच संपतो. आम्ही पाहिलेल्या चुकांत ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी. तिच्या खालोखाल प्रश्नांची सरबत्ती: "ही का रडते? तुला बाबांची आठवण येते का?" मूल उठून जातं, आणि दुसऱ्या दिवशी पेटीकडे बघत नाही.

तीन ते पाच वर्षांचं मूल बाहुलीला मारेल आणि लगेच उठवेल. वीस वेळा. त्याला तसंच खेळू द्या. खेळ आवरताना एकदाच, नेहमीच्या आवाजात सांगा: "खेळात ती उठली. खऱ्यात मेलेलं माणूस उठत नाही." दर वेळी दुरुस्त करत बसलात तर मूल तो खेळ तुमच्यापासून लपवून खेळायला लागेल.

सहा-सात वर्षांची मुलं तिरडी करतात. माडाचे हीर तोडतात, दोऱ्याने बांधतात, बाहुलीवर फडकं टाकतात, तिच्यावर जास्वंदीची पाकळी ठेवतात आणि चौघं मिळून मागच्या परड्यात, म्हणजे परसात, नेतात. अगदी हुबेहूब, मडक्यासकट. आणि इथेच आजी धावत येते: "ह्यां असला अभद्र काय खेळतंस?" पेटी माळ्यावर जाते. आजीचा दोष नाही, तिचाच मुलगा गेलेला असतो आणि तिला ते बघवत नाही. म्हणून पेटी देण्याआधी आजीशी बोला. तिला सांगा, की मुलाने जे पाहिलं ते त्याला कळलं नाही, ते आता हातांनी उलगडून बघतंय. बघवत नसेल तर तिने आत जावं, पण खेळ थांबवू नये. बहुतेक आज्या ऐकतात. एखादी तर पुढे स्वतःच येऊन सांगते, की मडकं डाव्या खांद्यावर घेतात.

आता बोलायची वाक्यं. कोकणात मुलापासून मरण लपवण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं वाक्य आहे, "बाबा मुंबईला गेलेत." दुसऱ्या कुठल्या मुलखात हे निभावून जाईल कदाचित, इथे नाही. इथल्या मुलाला मुंबईला गेलेलं माणूस पक्कं ठाऊक असतं: ते गणपतीला येतं, शिमग्याला येतं, येताना खाऊ आणतं. हे वाक्य ऐकलेलं मूल चतुर्थीच्या आदल्या रात्री कोकण रेल्वेच्या गाड्या मोजतं. सगळ्यांचे बाबा उतरतात, आपलेच का नाहीत? आणि उत्तर ते स्वतःच शोधतं: आपण काहीतरी चुकलो. मरण लपवण्याची ही सर्वात मोठी किंमत, मूल स्वतःला दोषी धरतं.

"झोपले" म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं. "आजारी होते" एवढंच सांगितलं तर आईला पडसं झालं तरी ते तिच्या उशाशी बसून राहतं, म्हणून आजाराचं नाव सांगा आणि जोडून म्हणा, "हा आजार सर्दीतापासारखा नाही." "देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून नेलं" हे ऐकून काही मुलं मुद्दाम वाईट वागायला लागतात, देवाला आवडू नये म्हणून. "देवाघरी गेले" हे घराच्या श्रद्धेत बसत असेल तर जरूर म्हणा, पण दुसरं वाक्य म्हणून. पहिलं वाक्य साधं हवं, आणि मुलाच्या घरच्या भाषेत हवं: "बाबा मेले. तेंचां शरीर बंद पडलां. ते आता परत येवचे नाय." "मेले" हा शब्द मोठ्यांच्या जिभेवर जड होतो, मान्य आहे. "वारले" म्हणा हवं तर, पण मग त्याचा अर्थ सांगा. चार वर्षांच्या मुलाला त्यातून वारा कळतो.

गणपती विसर्जनाची उपमा टाळा. पाण्यात जाणारा बाप्पा पुढच्या वर्षी लवकर येतो, मूल बाबांनाही तोच नियम लावतं.

शरीर बंद पडणं म्हणजे काय, हे समजवायला खेळण्यापेक्षा बाजारातला बांगडा चांगला. इथल्या मुलाने मेलेला मासा रोज पाहिलेला असतो. कल्ले हलत नाहीत, बोट लावलं तरी त्याला कळत नाही. एवढंच दाखवा आणि तिथेच थांबा. दहनाचा विषय माशावरून कधीही काढू नका, कारण मासा पुढे तव्यावर जातो आणि मूल पुढचा अर्थ स्वतः लावतं. दहनाबद्दल विचारलंच तर सांगा: "शरीराला आता काहीच लागत नाही, दुखत नाही, भाजत नाही, म्हणून अग्नी देतात." स्मशानात न्यायचं की नाही हे मुलाला विचारा. तिथे काय दिसेल ते आधी सांगा, आणि मध्येच परत आणू शकेल असं एक माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवा. कावळा शिवला नाही म्हणून मोठे कुजबुजायला लागले, तर मुलाला जवळ घेऊन सांगा, की कावळा कधी येतो, कधी येत नाही, बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत.

होडीचं सांगायचं राहिलं. समुद्रात माणूस जातं आणि देह मिळत नाही, तेव्हा मुलाकडे बघायला काहीच नसतं. अशा मुलाला घडलेलं सगळं क्रमाने सांगावं लागतं: होडी उलटली, कोणी कोणी किती दिवस शोधलं, बाबा सापडले नाहीत, माणूस इतके दिवस समुद्रात जगू शकत नाही, म्हणून आपण मानतो की बाबा मेले. होडी परातीतल्या पाण्यात द्या. मूल ती परत परत काठाला लावेल. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सगळ्या होड्या काठावर असतात, तेव्हा हा खेळ पुन्हा वर येतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघाल्या की रात्री अंथरूण ओलं होतं. त्या आठवड्यांत पेटी हाताशी ठेवा.

मुदतीची अपेक्षा चुकू नये. अमेरिकेत विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन या संशोधकांनी आई किंवा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतल्या १२५ मुलांना दोन वर्षं पाहिलं. काही मुलांचा त्रास पहिल्या वर्षी फारसा दिसला नाही आणि दुसऱ्या वर्षी वर आला. मूल सावरण्याचा सर्वात मोठा आधार होता मागे राहिलेला पालक स्वतः किती सावरला आहे हा. तेव्हा वर्षश्राद्ध झालं म्हणजे पेटी द्यायची वेळ टळली असं नाही, आणि मुलाला पेटी नेताना त्याच्या आईला तासभर मोकळीक मिळेल असंही काहीतरी करा. स्वयंपाक, गुरांचं बघणं, बँकेतला कागद.

ही खेळणी उपचार नाहीत. सहा महिने उलटूनही मूल गेलेल्या माणसाला रोज शोधत असेल, खेळणं-जेवणं सुटलं असेल, शाळेत जायला तयार नसेल, सतत स्वतःला दोष देत असेल, तर वाट पाहू नका. "मला पण बाबांकडे जायचंय" असं म्हटलं तर सहा महिनेही थांबू नका. लहान मूल बहुधा भेटीच्या ओढीनेच ते म्हणतं, तरी शांतपणे विचारा, "म्हणजे काय करायचंय?" मानसिक आरोग्यासाठीचा टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालतो, पालकाने स्वतःसाठी केला तरी चालतो. मुलाची देखभाल करणारंच कुणी उरलं नसेल तर १०९८, ही मुलांसाठीची मदतवाहिनी.

शेवटी निगा. पावसाळ्यात इथे लाकडाला बुरशी धरते. बाहुल्या धुवू नका, कोरड्या फडक्याने पुसा, उघडीप मिळाली की सावलीत वारा द्या, पेटीत कडुलिंबाचा वाळका पाला टाका. वर्षा-दीड वर्षात एखादी बाहुली फुटते किंवा कुत्रा नेतो. तशीच दुसरी आणून गुपचूप ठेवू नका, मुलाच्या लगेच लक्षात येतं. तुकडे त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा काय करूया. काही मुलं गोंद मागतात. काही परड्यात खड्डा खणतात. काही त्या तुकड्यांना फडक्यात गुंडाळून पुन्हा पेटीतच ठेवतात, उरलेल्या माणसांच्या शेजारी.